सोन्याच्या खाणीवर गेलेला इंग्रज पूर्वज नागपुरात बसून कसा शोधायचा

आता नागपुरात धरमपेठ म्हणा, मनीषनगर म्हणा, दर दोन-चार बिल्डिंगमागे एखादं घर असं निघतंच जिथली मुलगी किंवा मुलगा मेलबर्न, पर्थ नाहीतर ऑकलंडला आहे, आणि त्यातल्या काहींनी तिकडच्याच माणसाशी लग्न केलंय. नातवंडं शाळेत जायला लागली की त्यांना फॅमिली ट्री काढून आणायला सांगतात. आईकडची बाजू भराभर भरते, आपल्याकडे आत्या आहेत, काका आहेत, काहींच्या घरी छापलेला कुलवृत्तांत आहे. बापाकडची बाजू मात्र पणजोबाच्या वर कोरी. जावयाला विचारलं तर तो म्हणतो आमचे कोणीतरी इंग्लंडहून गोल्ड रशमधे, म्हणजे सोनं सापडल्यावर उडालेल्या झुंबडीत, आले होते, बस, पुढे त्यालाही माहीत नाही.

माझ्या पुतणीच्या सासरचं मी असंच शोधलं, तिचं सासर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोचं, मेलबर्नही याच राज्यात. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारून राहिले की कुठून सुरुवात करायची, म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून टाकते. यातलं जवळपास सगळं काम घरच्या कॉम्प्युटरवर होतं आणि बरंचसं फुकट होतं.

पहिली गोष्ट, आणि ही मी दहादा सांगेन, सुरुवात इंग्लंडपासून करू नका. आपल्या कुलवृत्तांतात मूळपुरुषापासून खाली येतात ना, त्याच्या बरोब्बर उलटं जायचं, आज जिवंत असलेल्या माणसापासून एकेक पिढी वर. लोक काय करतात, नाव कळलं विल्यम हॅरिस की लगेच इंग्लंडच्या रेकॉर्डमधे विल्यम हॅरिस टाकतात आणि मग शेकडो विल्यम हॅरिस समोर येऊन उभे राहतात, त्यातला आपला कोणता हे ठरवायला हातात काहीच नसतं. तो माणूस इंग्लंडमधल्या कोणत्या गावचा हे सांगणारा कागद बहुतेक वेळा इंग्लंडमधे नाहीच, तो जिथे मेला तिथे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सोनं सापडल्याच्या तारखा जवळ ठेवा. हे लोक एका जागी बसणारे नव्हते. एका ठिकाणी सोनं कमी झालं आणि दुसरीकडे सापडल्याची बातमी आली की निघाले. त्यामुळे माणूस एखाद्या वर्षी एकदम गायब झाला तर घाबरायचं नाही, त्या वर्षी नवीन सोनं कुठे निघालं होतं ते पाहायचं आणि तिकडे शोधायचं.

तारखा सांगते. १८५१ च्या सुरुवातीला न्यू साउथ वेल्समधे बॅथर्स्टजवळ ओफिर इथे, त्याच वर्षी व्हिक्टोरियात क्लून्स, बॅलरॅट, माउंट अलेक्झांडर आणि बेंडिगो. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१ मधे सुमारे ७७ हजार होती ती १८६१ मधे ५ लाख ४० हजारांच्या आसपास गेली, यावरून अंदाज करा काय लोंढा आला असेल. १८५८ मधे कॅनडाच्या बाजूला फ्रेझर नदी आणि मग कॅरिबू. १८६१ मधे न्यूझीलंडमधे ओटॅगो, तिथल्या गेब्रियल्स गलीची (गली म्हणजे इथे ओढ्याची घळ) बातमी आल्यावर व्हिक्टोरियातून बोटी भरभरून लोक गेले. १८६४-६५ ला तिथलाच वेस्ट कोस्ट म्हणजे होकिटिकाचा भाग, १८६७ ला टेम्स आणि त्याच वर्षी क्वीन्सलँडमधे जिम्पी. १८७३ ला पामर नदी. १८८६ ला दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड म्हणजे आजचं जोहान्सबर्ग. १८९२ ला कूलगार्डी, १८९३ ला कॅलगुर्ली, आणि या दोन्हीकडे व्हिक्टोरियातले कितीतरी घरातले कर्ते लोक गेले कारण त्याच सुमारास मेलबर्नमधे बँका बुडाल्या होत्या. आपल्या देशातलं कोलार पण याच ओळीत येतं, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

घरातून काय काढायचं

जावयाच्या घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती कोण ते विचारा आणि तिच्याशी व्हिडिओ कॉल लावा. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच, म्हणजे आपली सकाळ बरी पडते, संध्याकाळी ते लोक लवकर झोपतात. एकदम फॅमिली हिस्टरी सांगा म्हटलं तर कोणी सांगू शकत नाही. तुमच्या आजीला माहेरचे लोक काय म्हणायचे, आजोबा चर्चला जायचे का आणि कोणत्या, घराला काही नाव होतं का, कोणाचा अंगठा किंवा पाय खाणीत गेला होता का, असं विचारा. घराचं नाव विचारायचं कारण की बरेच लोक घराला मागे सोडलेल्या गावाचं नाव द्यायचे. चर्चचं कारण असं की इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचे खाणकामगार बहुतेक मेथडिस्ट म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे असायचे, मेथडिस्टांचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर वेगळे, चर्च ऑफ इंग्लंडचे वेगळे.

मग कागद. जुनं बायबल असेल तर त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. जुने फोटो असतील तर दोन्ही बाजूंचे स्कॅन मागा, मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं. सोनं खोदायचं लायसन्स आणि १८५५ पासून त्याच्या जागी आलेलं मायनर्स राइट हे कागद माणसाच्या खिशात राहायचे, सापडले तर घरच्याच पेटीत सापडतात, तेव्हा पेटी, ट्रंक, माळा सगळं पाहायला सांगा.

मृत्यूचा दाखला, सगळ्यात भारी कागद

आता मुख्य काम. व्हिक्टोरियात १ जुलै १८५३ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि तिथला मृत्यूचा दाखला म्हणजे अक्षरशः खजिना आहे. नाव, वय, धंदा, कशानं मेला, आजार किती दिवस होता, बापाचं नाव आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, कुठे पुरलं, जन्म कुठला, कॉलनीत म्हणजे त्या ब्रिटिश वसाहतीत किती वर्षं राहिला, लग्न कुठे झालं, कितव्या वर्षी, कोणाशी, आणि मुलांची नावं वयानुसार, मेलेली मुलंही. त्याच काळातला इंग्लंडचा मृत्यूचा दाखला पाहिला तर त्यात आईबाप नाहीत, जन्मगाव नाही, काही नाही. म्हणून म्हणते शेवटापासून सुरू करा.

न्यू साउथ वेल्सची नोंदणी १८५६ पासून. न्यूझीलंडमधे गोऱ्यांच्या जन्म-मृत्यूची नोंद १८४८ पासून आहे पण सुरुवातीचे दाखले फार त्रोटक, १८७६ नंतरच्या मृत्यूच्या दाखल्यात आईबाप, जन्मगाव, न्यूझीलंडमधे किती वर्षं हे सगळं येतं. तेव्हा तुमचा माणूस न्यूझीलंडला १८७० मधे मेला असेल तर त्याच्या दाखल्यावर फार आशा ठेवू नका, त्याचा एखादा भाऊ किंवा बहीण १८७६ नंतर मेली असेल तर तिचा दाखला मागवा, आईबाप तर तेच ना. दक्षिण आफ्रिकेत मेला असेल तर तिथे इस्टेटीच्या फाइलमधे डेथ नोटीस नावाचा फॉर्म असतो, त्यात पण आईबाप, जन्मगाव, मुलं येतात.

व्हिक्टोरियाच्या रजिस्ट्रीच्या साइटवर इंडेक्स पाहायला पैसे लागत नाहीत, दाखल्याची इमेज विकत घ्यावी लागते, ती लगेच डाउनलोड होते. जन्म १०० वर्षांपूर्वीचे, लग्नं ६० वर्षांपूर्वीची आणि मृत्यू ३० वर्षांपूर्वीचे असे उघडे असतात. कार्डवर इंटरनॅशनल पेमेंट आधी चालू करून ठेवा नाहीतर ऐनवेळी ओटीपी येत नाही, किंवा सरळ पुतणीला सांगा ती तिकडून घेईल.

दाखला हातात आला की तो कसा वाचायचा हे जास्त महत्त्वाचं. समजा, नुसतं उदाहरण म्हणून, विल्यम हॅरिस १८८९ मधे बेंडिगोजवळच्या ईगलहॉकला मेला, वय ५८, धंदा मायनर, जन्म कॉर्नवॉल, व्हिक्टोरियात ३४ वर्षं. तर जन्म साधारण १८३१, आगमन साधारण १८५५. जर तिथे ३१ वर्षं व्हिक्टोरिया आणि ३ वर्षं न्यूझीलंड असं असेल तर लगेच ओटॅगोची आठवण व्हायला पाहिजे. आता माहिती कोणी दिली तो रकाना पाहा. बायकोनं दिली असेल तर नवऱ्याच्या आईचं माहेर तिला बहुतेक माहीत असतं. जावयानं किंवा शेजाऱ्यानं दिली असेल तर आईबापाच्या जागी माहीत नाही असं लिहिलेलं असतं, किंवा ठोकून दिलेलं असतं. मृत्यूचं कारण पण वाचा, बेंडिगोच्या दाखल्यांवर थायसिस हा शब्द वारंवार येतो, खोल खाणीत क्वार्ट्झ फोडताना जी धूळ उडायची तिनं फुफ्फुसं जायची. आपल्याकडे कामठी, उमरेड, मनसरच्या खाणींत ज्यांच्या घरचे लोक राहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नाव आणि गावाचं स्पेलिंग

आपल्याकडे वासनिक कोणी डब्ल्यूनं लिहितं कोणी व्हीनं, सरकारी कागदावर तिसरंच काही, तसंच तिकडे. माणसाला लिहिता येत नव्हतं, तो बोलला तसं क्लार्कनं लिहिलं, आणि इंग्लंडच्या बऱ्याच भागात एच उच्चारत नाहीत म्हणून हॅरिसचा ॲरिस होतो, हॉकिंगचा ऑकिंग. सर्च करताना नावाच्या मधल्या किंवा शेवटच्या अक्षरांच्या जागी स्टार टाकून पाहा. नावं फार कॉमन असतील तर मधलं नाव धरा. मुलाला मधलं नाव म्हणून आईचं माहेरचं आडनाव द्यायची रीत पुष्कळ घरांत होती, त्यामुळे विल्यम पेनरोज हॅरिस असा माणूस मिळाला तर पेनरोज हे त्याच्या आईचं किंवा आजीचं माहेर असू शकतं.

गावांचं तर विचारूच नका. बेंडिगो हे नाव अधिकृतपणे १८९१ पासूनचं, त्याआधी कितीतरी वर्षं कागदोपत्री सँडहर्स्ट होतं, म्हणून बेंडिगो टाकून सापडून राहिलं नाही तर सँडहर्स्ट टाका. बॅलरॅट जुन्या कागदांत दोन ए घालून लिहायचे. कॅसलमेन म्हणजे आधीचं फॉरेस्ट क्रीक. मेलबर्नच्या बाहेर दर दोन-चार मैलांवर एक गली, एक फ्लॅट, एक हिल होतं आणि सोनं संपल्यावर त्यातली कित्येक वस्तीच उठून गेली, नकाशावर नाव नाही म्हणजे गाव नव्हतं असं समजू नका.

बोट कोणती

हा भाग सगळ्यांना आवडतो आणि इथेच सगळे अडकतात. इंग्लंडहून निघणाऱ्या प्रवाशांच्या ज्या सरकारी याद्या आहेत त्या १८९० पासूनच्याच शिल्लक आहेत, त्याच्या आधीच्या नष्ट झाल्या. म्हणजे १८५० च्या दशकातला माणूस इंग्लंडच्या बाजूला शोधत बसण्यात अर्थ नाही, तो जिथे उतरला तिथली यादी पाहायची. व्हिक्टोरियाच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसमधे दोन इंडेक्स आहेत, दोन्ही ऑनलाइन आणि फुकट. सरकारी मदतीनं आलेले लोक १८३९ ते १८७१, आणि स्वतःच्या पैशानं आलेले १८५२ ते १९२३. मदतीनं आलेल्यांच्या यादीत मूळ काउंटी म्हणजे इंग्लंडमधला जिल्हा, धर्म, लिहिता-वाचता येतं का, कोणाकडे कामाला गेला असं बरंच काही सापडतं. सोन्यासाठी आलेले बहुतेक स्वतःच्या पैशानं आलेले, आणि त्यांच्या यादीत आडनाव, वय आणि इंग्लिश एवढंच, कधी तर पहिलं नाव पण नाही, नुसतं मिस्टर.

म्हणून एकट्या माणसाला यादीत ओळखता येत नाही, त्याच्याबरोबर कोण होतं त्यावरून ओळखायचं. हे लोक गावातल्या पाच-सहा जणांबरोबर, मेहुण्याबरोबर, चर्चमधल्या मित्राबरोबर यायचे. लग्नाच्या दाखल्यावरच्या साक्षीदारांची नावं लिहून घ्या आणि तीच नावं बोटीच्या यादीत आजूबाजूला दिसतात का ते पाहा. दिसली तर तुमचा माणूस तोच असण्याची शक्यता एकदम वाढते.

काही लोक यादीत सापडणारच नाहीत. १८५२ मधे मेलबर्नच्या बंदरात बोटींचे खलाशी बोट सोडून सोन्याकडे पळून गेले होते, ते प्रवासी नव्हतेच. दक्षिण ऑस्ट्रेलियात बरा इथल्या तांब्याच्या खाणीत आधीपासून कॉर्नवॉलचे लोक होते ते जमिनीवरून व्हिक्टोरियात आले, त्यांची बोट ॲडलेडला लागलेली.

बोट सापडली तर मात्र तिच्याबद्दल वाचा, मुलांना हे फार आवडतं. ब्रुनेल या इंजिनियरनं बांधलेली एस एस ग्रेट ब्रिटन १८५२ पासून मेलबर्नच्या फेऱ्या करायची, ती बोट आज ब्रिस्टलला जतन करून ठेवलीय, आणि १८६१ मधे ऑस्ट्रेलियाला गेलेली पहिली इंग्लिश क्रिकेट टीम तिच्यातूनच गेली होती, जामठ्याला मॅच पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायलाच पाहिजे. आणि उलट दिशेच्या बोटी पण पाहा, कारण पुष्कळ जण परत गेले. १८५९ च्या ऑक्टोबरमधे रॉयल चार्टर ही बोट मेलबर्नहून परत येताना वेल्सच्या किनाऱ्यावर अँगल्सीजवळ फुटली, जवळपास ४५० लोक बुडाले, त्यात सोनं कमावून घरी निघालेले खोदणारे होते. पूर्वजाची ऑस्ट्रेलियातली नोंद १८५९ नंतर एकदम थांबत असेल तर ही शक्यता तपासून घ्या.

वर्तमानपत्रं

मला विचाराल तर सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीची ट्रोव्ह नावाची साइट आहे, बहुतेक १९५४ पर्यंतची वर्तमानपत्रं तिथे फुकट वाचता आणि शोधता येतात. न्यूझीलंडची तशीच पेपर्स पास्ट, तीही फुकट. निधनाच्या छोट्या जाहिराती शोधा आणि त्यातली शेवटची ओळ कधीही सोडू नका. तिथे पुष्कळदा लिहिलेलं असतं कॉर्निश पेपर्स प्लीज कॉपी, किंवा डर्बीशायर पेपर्स, किंवा नुसतं होम पेपर्स. म्हणजे तिकडच्या पेपरवाल्यांनो ही बातमी तुमच्याकडेही छापा, आमचे लोक वाचतील. दाखल्यावर फक्त इंग्लंड लिहिलेलं असलं तरी या एका ओळीवरून काउंटी कळते.

दुसरं, मिसिंग फ्रेंड्स नावाचा कॉलम यायचा. इंग्लंडमधली आई, बायको, भाऊ जाहिरात द्यायचे की अमुक बोटीनं अमुक साली आलेला आमचा माणूस शेवटचा बेंडिगोला होता असं कळलं, कोणाला माहीत असेल तर या पत्त्यावर कळवा. वाचताना फार वाईट वाटतं, पण त्या दोन-तीन ओळींत बोट, साल, गाव आणि नातेवाइकाचा पत्ता सगळं एकत्र मिळतं.

खाणीतले अपघात पण पेपरमधे सविस्तर येतात. १२ डिसेंबर १८८२ ला क्रेसविकजवळ न्यू ऑस्ट्रेलेशियन खाणीत पाणी घुसलं आणि २२ माणसं गेली, अडकलेल्यांनी आपल्या डब्यांवर बायकामुलांसाठी निरोप कोरून ठेवले होते. अशा मृत्यूंची चौकशी व्हायची, इन्क्वेस्टची फाइल व्हिक्टोरियाच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसमधे असते, त्यात सोबत काम करणाऱ्यांच्या आणि घरच्यांच्या जबान्या असतात. त्याच ऑफिसात मृत्युपत्रं पण आहेत, जुनी स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत. मृत्युपत्रात कधीकधी इंग्लंडमधल्या बहिणीला ठेवलेले पाच पाउंड असतात आणि त्या बहिणीचं सासरचं नाव आणि गाव. अशी एक ओळ मिळाली की पुढचे कितीतरी महिने वाचतात.

आणखी काही कागद पटकन सांगते. खाण कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांची नावं आणि पत्ते सरकारी गॅझेटमधे छापायचे. १८५३ मधे बेंडिगोच्या खोदणाऱ्यांनी महिना ३० शिलिंगच्या लायसन्स फीविरुद्ध अर्ज केला त्यावर हजारो सह्या आहेत, याच रागातून ३ डिसेंबर १८५४ ला बॅलरॅटला खोदणारे आणि सरकारी सैनिक यांच्यात युरेकाची चकमक झाली. सेन्ससवर म्हणजे जनगणनेवर मात्र विसंबू नका, व्हिक्टोरियाच्या त्या काळच्या सेन्ससचे नावानिशी घरोघरचे फॉर्म ठेवलेच नाहीत.

बायका कुठे सापडतात

या विषयावर जे काही लिहिलं जातं त्यात पुरुषच पुरुष, आणि निम्मं घर राहून जातं. बाईचं आडनाव लग्नात बदलतं, नवरा मेला आणि तिनं दुसरं लग्न केलं की परत बदलतं, आणि खाणीवर नवरे लवकर मरायचे म्हणून दुसरी लग्नं पुष्कळ. तिच्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला पाहा, व्हिक्टोरियाच्या जन्मदाखल्यात आईचं माहेर आणि जन्मगाव येतं. मग सह्यांचे अर्ज. १८९१ मधे व्हिक्टोरियातल्या बायकांनी मतदानाचा हक्क मागणारा अर्ज पार्लमेंटला दिला, जवळपास ३० हजार सह्या, नाव आणि पत्त्यासकट, आणि त्या ऑनलाइन शोधता येतात. न्यूझीलंडचा १८९३ चा अर्ज पण तसाच शोधता येतो, आणि त्याच वर्षी तिथल्या बायकांना मत मिळालं, म्हणजे १८९३ च्या मतदार यादीत पण तिचं नाव पाहा. पुतणीच्या मुलीला सांगितलं की तुझ्या खापरपणजीच्या काळातल्या बायकांनी मतासाठी अशा सह्या केल्या, तर ती तो स्कॅन कितीतरी वेळ पाहत बसली होती.

मागे राहिलेल्या बायका इंग्लंडच्या सेन्ससमधे सापडतात. १८६१ चा सेन्सस पाहा, घरात बाई कर्ती, वैवाहिक स्थिती विवाहित, नवरा नाही, आणि कधी धंद्याच्या रकान्यात नवरा ऑस्ट्रेलियात असं लिहिलेलं. काही नवऱ्यांनी नियमित पैसे पाठवले, काहींनी पाठवले नाहीत, काहींनी तिकडे दुसरं लग्न केलं. असं काही निघालं तर पुतणीच्या सासूला फोनवर धाडकन सांगू नका, आधी विचारा की जे निघेल ते सगळं ऐकायचं आहे ना. तसंच ही जमीन रिकामी नव्हती, बॅलरॅट वॅडवुरंग लोकांचं, बेंडिगोचा भाग जाजा वुरंग लोकांचा. जुन्या पिढीनं लपवलेलं एखादं आदिवासी किंवा चिनी नातं कागदात निघू शकतं, ते ट्रीमधे जसंच्या तसं लिहा.

आता इंग्लंड

आईबापाची नावं, काउंटी आणि जन्मसाल हातात आलं की मग इंग्लंडला जायचं. तिथली सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या इंडेक्समधे जन्माला आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, त्यामुळे एकाच नावाच्या दहा मुलांतून आपला निवडता येतो. फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च या साइट फुकट आहेत. १८३७ च्या आधी चर्चचे रजिस्टर, ते १५३८ पासून सुरू झाले, पण सगळ्या गावांचे तितके जुने टिकले नाहीत.

सेन्सस दर दहा वर्षांनी, नावासकट कामाचा १८४१ पासून. १८४१ च्या सेन्ससमधे १५ वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचे, म्हणजे २९ चा माणूस २५ दिसतो, आणि जन्मगावाऐवजी त्याच काउंटीतला का एवढंच हो किंवा नाही. १८५१ च्या सेन्ससमधे नेमकं गाव आणि घरातलं नातं येतं. योगायोग बघा, हा सेन्सस मार्च १८५१ चा आणि व्हिक्टोरियाचं सोनं त्याच वर्षी नंतर, म्हणजे गोल्ड रशला गेलेली बहुतेक माणसं निघण्याच्या आधी एकदा आपल्या आईबापाच्या घरात, गावाच्या नावासकट या सेन्ससमधे बसलेली सापडतात.

माणूस कॉर्नवॉलचा असेल तर नशीबवान आहात. आडनाव ट्रे, पोल किंवा पेनपासून सुरू होत असेल तर तो तिकडचा असण्याची दाट शक्यता. कॉर्नवॉलच्या ऑनलाइन पॅरिश क्लर्क नावाच्या स्वयंसेवकांनी चर्चच्या नोंदी उतरवून फुकट डेटाबेस केलाय, तो इतका चांगला आहे की पैसे देऊन घेतलेल्या साइटपेक्षा मी तो आधी उघडते. तिथले लोक जगभर जाण्याचं मोठं कारण म्हणजे तांब्याचे भाव पडले आणि १८६६ च्या आसपास खाणी बंद पडत गेल्या.

एक भाऊ बॅलरॅटला, एक कामठीला

हे आपल्या नागपूरकरांसाठी खास. एकाच घरातला एक मुलगा ऑस्ट्रेलियाला आणि दुसरा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असं व्हायचं. कामठीची छावणी १८२१ पासूनची आणि तिथे मद्रासची फौज असायची, म्हणून कामठीचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत मद्रासच्या मालिकेत शोधायची, मुंबईच्या मालिकेत शोधणारे हात हलवत परत येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा डेटाबेस फुकट शोधता येतो. सदरमधल्या किंवा अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या जुन्या अँग्लो-इंडियन घरांना पण हेच लागू. कामठीच्या जुन्या कबरींचे दगड वाचायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं तेव्हा झिजलेली अक्षरं नीट उठून दिसतात, आणि दगडाला खडू, पीठ, पाणी काही लावू नका. फोटोसोबत मजकूर ओळ न ओळ उतरवून घ्या.

कोलारचं वेगळं. तिथलं लायसन्स आधी घेतलं ते लॅव्हेल नावाच्या आयरिश सैनिकानं, जो न्यूझीलंडच्या लढाईतून बंगलोरला आला होता. पुढे १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या कंपनीनं खाणी हातात घेतल्या आणि कॉर्नवॉलहून खाणकामगार आणले. त्यामुळे बेंडिगोच्या घरातला एखादा चुलत भाऊ म्हैसूर संस्थानात निघाला तर नवल नाही. खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या.

लिहून कसं ठेवायचं

एक साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक ओळीत माणूस, घटना, तारीख, जागा, आणि ही माहिती कोणत्या कागदातून मिळाली. जिथे शोधलं आणि सापडलं नाही ते पण लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तेच परत शोधत बसता. इंटरनेटवर तयार फॅमिली ट्री मिळतात त्या बघायला हरकत नाही पण कागद पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नका, एकानं चुकीचा विल्यम हॅरिस जोडला की पन्नास जण तोच कॉपी करतात. माझा नियम असा की निदान दोन वेगवेगळे कागद एकच गोष्ट सांगत नाहीत तोवर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं. डीएनए टेस्ट करायची तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची करा, आणि जे निघेल ते इतर नातेवाइकांनाही लागू होतं हे त्यांना आधी सांगून.

ट्रोव्हवर वाचताना मशीननं वाचलेली अक्षरं पुष्कळदा चुकलेली दिसतील, हॅरिसचं हर्रिम झालेलं असतं आणि म्हणूनच ते सर्चमधे येत नाही. ती ओळ तिथेच दुरुस्त करता येते, अकाउंट नसलं तरी चालतं. आपल्या माणसाची बातमी सापडली की त्याच कॉलममधली वरखालची चार नावं पण दुरुस्त करून टाका, कोणीतरी ती शोधून राहिलं असतं.